कडुनिंबाचा पाट

आश्विन लागला की आमच्या जालन्यात ऊन परत येतं. पाऊस पुरता गेलेला नसतो, सकाळी आभाळ असतं, आणि दुपारी अशी तिरीप पडते की वाळत घातलेली साडी बघता बघता कडक होते. वाटूरहून विनायकभावजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा, फोन येतो तेव्हा मागे मळणीयंत्राची घरघर चाललेली असते. "वैनी, सोयाबीन निघून राह्यलं, दम घ्यायला फुरसत न्हाई. दादा कसाय?" मी म्हणते, "आहे तसाच." हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की खोटं असलं तरी तोंडातून आपोआप निघतं.

बाकीच्यांना आश्विन म्हणजे घट, झेंडू, आपट्याची पानं. मला मात्र तोंडात कडू चव येते. उगीच अलंकारिक बोलत नाहीये. जिभेच्या मागच्या बाजूला, घशाशी, खरोखर कडू होतं आणि चहात कितीही साखर घातली तरी जात नाही. मुक्ता म्हणते, आई, पित्त झालं असेल, तपासून घे. मी म्हणते हो, घेते. पुण्यात बसून पोरीने आणखी काय म्हणावं!

आज घटस्थापनेच्या आधीची झाडझूड काढली. माळ्यावर पितळी भांडी, जुना पंखा, मुक्ताची सायकल शिकतानाची टोपी असलं सगळं, आणि त्याच्यामागे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. हाताला वजन लागलं तेव्हाच कळलं. रंधा. सुतार लाकडावरून पुढे ढकलत नेतात आणि वरून कुरळा पापुद्रा निघतो, तो. लोखंडी, मागे धरायला लाकडाची मूठ. फडकं सोडलं तर कोपऱ्यात अजून थोडा भुसा होता. मी बोट लावलं आणि चाटून पाहिलं. कडूच होता. मग स्टुलावर तशीच बसून राहिले. झाडझूड राहिली तिथेच.

आमचे हे खालीच खुर्चीत होते, खिडकीशी. त्यांना काही विचारायची सोय नाही.

ह्यांची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. जालना जिल्ह्यात असा तालुका नसेल जिथल्या बांधावर ह्यांनी साखळी टाकली नाही. दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे आणि मधे आमचे हे, डोक्याला रुमाल बांधून, "थांबा हो, आधी मोजू तर द्या" म्हणत उभे. अंगणात पाणी साचलं तर नुसतं बघून सांगायचे, उतार कुठे चुकलाय. असा माणूस एक दिवस मोंढ्यात मोसंबी आणायला गेला आणि घरचा रस्ता विसरला. कुणीतरी ओळखीच्याने रिक्षात घालून आणून सोडलं. हातात पिशवी होती, मोसंबी नव्हती. "अगं, गल्ल्या बदलून टाकल्या ह्यांनी," म्हणाले. मी हसले. देवा शपथ, हसले मी त्या दिवशी.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं. स्मरण जाईल, हळूहळू जाईल, थांबवणारं औषध नाही. हात कामात ठेवा, हाताचं स्मरण उशिरा जातं, म्हणाले. गाडीत परत येताना बदनापूर गेल्यावर हे एकदम बोलले, "मुक्ताच्या लग्नाला मी काय देणार? सोनंनाणं तू बघ. हळदीला ती बसंल ना, तो पाट माझ्या हातचा पायजे. तेवढ्यापुरतं डोकं टिकलं पायजे." तेव्हा मुक्ताचं लग्न ठरलेलं होतं, मार्गशीर्षातलं. आणि ह्यांनी आयुष्यात खिळा ठोकलेला नव्हता. भिंतीवर कॅलेंडर लावायचं तर शेजाऱ्याला बोलवायचो.

पण लग्नापर्यंत हातांना काम मिळालं आणि कामाला कारण मिळालं. मला तेवढंच दिसलं. तो पाट वेळेत व्हावा, आणि होईपर्यंत तो कुणासाठी हे ह्यांच्या लक्षात राहावं. त्या आश्विनात मी देवीकडे दुसरं काही मागितलं नाही.

मुक्ताने कुरिअरने रंधा पाठवला. विनायकभावजींनी वाटूरहून फळी पाठवली. विहिरीजवळचं कडुनिंबाचं झाड मागे वादळात पडलं होतं, त्याची चिरून ठेवलेली. "सागवान घेतलं असतं की विकत," मी फोनवर म्हटलं. "वैनी, ह्या झाडाखाली दादानं अभ्यास केल्ता. आन् कडुनिंबाला कीड न्हाई लागत, बिलकुल न्हाई." कीड लागत नाही हे खरं. पण कडुनिंबाच्या लाकडातली रेघ सरळ नसते, एका बोटावर इकडे तर दुसऱ्या बोटावर तिकडे, आणि शिकाऊ माणसाने कधी त्याच्या वाटेला जाऊ नये, हे ना भावजींना ठाऊक होतं, ना आम्हाला.

नवी वस्तू म्हणजे तिला धार असणारच असं आपण धरून चालतो. तसं नसतं, बाई. पहिल्या दिवशी रंधा फळीवर ठेवून ह्यांनी ढकलला तर तो बेडकासारखा उड्या मारायला लागला. लाकडाचे लचके निघाले. मी गणिताची मास्तरीण, मला वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून मीही मागून रेटा दिला. दोघं मिळून भिंतीवर आदळलो. मग मी फोनवर व्हिडिओ शोधले. कुठला कोण परदेशी माणूस, दाढीवाला, इंग्रजीत सांगत होता आणि मी ह्यांना मराठीत. आधी पात्याला धार लावा. पातं बाहेर काढायचं ते अगदी केसभर. सुरुवातीला भार पुढच्या हातावर, शेवट येईल तसा मागच्या हातावर. रेघेच्या उलट जाऊ नका. हे ऐकायचे आणि म्हणायचे, "बराबर ए." पाच मिनिटांनी म्हणायचे, "कोण आल्तं ग? कुणाशी बोलत व्हतीस?"

दगडावर पाणी टाकून पातं घासायचं काम आम्ही ओसरीवर बसून करायचो, आळीपाळीने. धार आली का ते हे हातावरचे केस काढून बघायचे. त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, काय हो, भाऊसाहेबांना काय झालं हाताला? मी म्हटलं, फॅशन आलीये.

आणि मग एक दिवस तो आवाज आला. तोपर्यंत खरखर, खडखड चाललेलं, आणि एकदम सुऽऽर्र असा लांबलचक आवाज, रेशमी साडी टरकावल्यासारखा. मी स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने धावले. हे पापुद्रा उन्हात धरून उभे होते. त्यातून पलीकडचं तुळशीवृंदावन दिसत होतं. "बघ," म्हणाले, "बघ की." मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या गालाला पीठ लावलं. लग्नाला तेहतीस वर्षं झालेली, भर दुपारी ओसरीवर. आता आठवलं की वाटतं, तेवढ्या एका दुपारीच पडदा पडला असता तर काय बिघडलं असतं?

व्हिडिओत त्या दाढीवाल्याने एक युक्ती सांगितली होती. फळीवर पेन्सिलीने रेघोट्या माराव्या आणि रंधा फिरवावा. जिथल्या रेघा राहिल्या तिथे खोलगट, जिथल्या गेल्या तिथे चढ. सगळ्या गेल्या की फळी सपाट. ह्यांना हे फार पटलं, मोजणीवालाच तो. पण रेघोट्यांऐवजी हे फळीवर नाव लिहायला लागले. मुक्ता, मुक्ता, मुक्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरकारी नकाशावर लिहावं तशा रेखीव अक्षरात. "कशाला?" मी विचारलं. "म्हंजे कोणासाठी करून राह्यलो ते ध्यानात राह्यतं," म्हणाले. मग रंधा फिरायचा आणि नाव पापुद्र्यांत निघून जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचे. ते पापुद्रे मी गोळा करून मागच्या अंगणातल्या बंबात घालायची, फार छान पेटायचे. पोरीच्या नावावर आमचं आंघोळीचं पाणी तापायचं. त्याचा कडवट धूर घरभर. तेव्हा मनात काही आलं नाही, सरपण म्हणजे सरपण.

त्या दिवसांत सगळंच कडू होतं. भुसा इतका बारीक की वरणात उतरायचा, उशीवर बसायचा, ओठांवर यायचा. पाणी प्यायलं तरी कडू. ह्यांना त्याची मजा वाटायची. "रोज पाडवा ए आपल्याकडं," म्हणायचे. गुढीपाडव्याला कडुनिंब खातात हे लक्षात होतं. मुक्ताच्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव लक्षात नव्हतं.

अष्टमीला पाट झाला. खरंच झाला. खाली दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने आवळल्या, मीच आवळल्या, ह्यांनी धरल्या. ह्यांनी वरून तळवा फिरवला, डोळे मिटून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि म्हणाले, "कुठंच चढ न्हाई." मुक्ताला फोटो पाठवला. ती फोनवर रडली. मीही रडले. देवीला म्हटलं, आई, जिंकलीस.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे हत्यारांची पूजा. घरात विळी, सुरी, ह्यांची जुनी मोजणीची साखळी, आणि या वर्षी रंधा. मी भाबडेपणाने तो नीट धुतला, चांगला पाण्याने. पात्याला ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडू ओला होता तो वर ठेवला, अक्षता टाकल्या, आणि पाटावरच मांडला. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. हे दिवसभर विचारत राहिले, माझं यंत्र कुठंय, आणि मी दर वेळी सांगत राहिले, आज त्याला सुट्टी. कुठल्याही सुताराच्या बायकोला कळलं असतं की लोखंडाला हळदकुंकू लावून, लगेच पुसून तेल लावायचं असतं. मला कुठून कळणार? मी खडूफळ्यातली बाई.

दसऱ्याला सकाळी मी दारात रांगोळी काढत होते आणि आतून तो आवाज आला. पण सुऽर्र नव्हता. खरखरीत, दातांत कळ जाईल असा. धावले. पाट पूर्ण झालाय हे ह्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. रंधा पाटावर होता, तो उचलला आणि चालवला. पात्याला रात्रीतून गंज चढला होता, धार खाल्ली गेली होती. तिने पाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चरे ओढले होते, दंताळ्याचे दाते ओढावेत तसे. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, फार चढउतार ए ह्याच्यात. आज सुरू केलं मी. जल्दी न्हाई व्हायचं हे."

मी पात्याला धार लावली. चरे घालवायचे म्हणजे सगळा पाट पुन्हा खाली घ्यावा लागणार होता. चार दिवसांत घेतलाही. पण तोवर ह्यांच्या लेखी रोजची सकाळ ही पहिली सकाळ झाली होती. उठायचे, चहा घ्यायचे, पाट ओढायचे, तळवा फिरवायचे, विचारायचे, "कोणासाठी ए हे?" मी सांगायची, "मुक्तासाठी." मग नाव लिहायचे आणि रंधा मारायचे. सपाट फळी पुन्हा सपाट करायचे. पाट रोज थोडा पातळ होत होता, माझ्या डोळ्यांदेखत.

मी पाट लपवला. पलंगाखाली, साड्यांच्या ट्रंकेमागे. त्या दिवशी हे घरभर फिरत होते, कपाटं उघडत होते, गोठ्यातून वासरू गेल्यासारखे बाहेर रस्त्यापर्यंत जाऊन येत होते. जेवले नाहीत. "माझं काम राह्यलं," एवढंच. मग मी वखारीतून तेवढीच दुसरी फळी आणली, आंब्याची, आणि समोर ठेवली. ह्यांनी तळवा फिरवला. मग वाकून जीभ लावली. "हे गोड ए," म्हणाले, "आपलं कडू ए." ज्या माणसाला आदल्या दिवशी स्वतःच्या भावाचा आवाज ओळखू आला नव्हता, त्याने लाकूड चवीने ओळखलं. डॉक्टर हात म्हणाले होते. जिभेचं कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी पाट काढून दिला. पाट वाचवायचा की ह्यांना, असा प्रश्न होता, आणि त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. दिला. ह्यांनी तो मांडीवर घेतला आणि लहान मुलासारखे शांत झाले.

दिवाळीला मुक्ता आली. मी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, पण सांगून काय कळतं? ती दारात बॅग टाकून थेट ओसरीवर गेली. "बाबा!" ह्यांनी मान वर केली, रंधा थांबवला, आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "या ताई. बसा. कोणाकडं आल्ता?"

मुक्ता माझी पोर आहे, धीराची आहे. ती खाली बसली. म्हणाली, "सहज आले, काका. काय करताय?" पोरीने बापाला काका म्हटलं, बाई, आणि आवाज हलू दिला नाही. ह्यांचा चेहरा उजळला. "माझ्या मुक्तीचं लगीन ए. हळदीला बसायला तिला पाट करून राह्यलो. बापाच्या हातचा." मग तिला तळवा फिरवून दाखवला, पापुद्रा उन्हात धरून दाखवला, कडुनिंब कसा कडू असतो ते सांगितलं. ती हो, हो म्हणत होती. मग म्हणाली, "मी जरा बसून बघू का ह्याच्यावर?"

ह्यांनी पाट झटकन आपल्याकडे ओढला. रागावले नाहीत, पण ठामपणे म्हणाले, "न्हाई न्हाई. माफ करा ताई. हे तिच्यासाठी ए. आधी तिलाच बसू द्यावं लागंल."

मुक्ता उठली, आत आली, आणि मोरी गाठून नळ सोडला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. नळ कितीतरी वेळ चालू होता. टाकी रिकामी झाली.

लग्न झालं. पाट मांडववाल्याचा, सोनेरी रंग मारलेला, त्याच्यावर बसून पोरीने हळद लावून घेतली. लग्नात हे नव्या धोतरात बसले होते. कुणीतरी विचारलं, भाऊसाहेब, कसं झालं सगळं? "जेवण बराबर व्हतं," म्हणाले, "पर मुलगी कोणाची म्हणायची?" लोक हसले. त्यांना वाटलं मोजणीवाल्यांनी गंमत केली.

नंतर पोरगी सासरी गेली आणि ओसरीवर तोच आवाज चालू राहिला. एका सकाळी मी सांगितलं, मुक्तासाठी, आणि ह्यांनी पेन्सिल हातात धरून फळीकडे बघितलं. बघतच राहिले. मग नुसत्या रेघोट्या मारल्या, आडव्यातिडव्या. त्यानंतर नाव कधी लिहिलं नाही. कोणासाठी, हेही विचारलं नाही. मी आपणहून सांगायची काही दिवस, मग माझंही सांगणं सुटलं.

शेवटी एक दिवस खट्ट झालं. लाकूड इतकं उतरलं होतं की मी खालून आवळलेल्या स्क्रूंची टोकं वर आली. ह्यांनी चढ कुठाय बघायला तळवा फिरवला आणि तळवा फाटला. रक्त पाटावर सांडलं. ह्यांना दुखलं की नाही, कोण जाणे. पुन्हा तळवा फिरवायला लागले, "इथं चढ ए, इथं चढ ए" म्हणत. त्या दिवशी मी रंधा धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. पाट बंबात घालायला घेतला आणि घालवेना. तो अजून कपाटामागे उभा आहे, भाकरीएवढा जाड, मधे लाल डाग.

हे सगळं आज त्या स्टुलावर बसून आठवलं. खाली विनायकभावजींचा फोन वाजत होता, सोयाबीन निघत असेल. मी उठले नाही.

मग मनात एक वेडेपणा आला. माणसाला आशा सोडवत नाही, सुटली असं वाटतं तेव्हाही कुठेतरी चिकटलेली असते. रंधा पुसला, तेलाचा हात फिरवला, पातं केसभर बाहेर काढलं. कपाटामागून तो पाट ओढला. खाली येऊन ह्यांच्या पुढ्यात पाट ठेवला आणि रंधा दोन्ही हातांत दिला. "अहो," म्हटलं, "बघा हे काय आणलंय." मागच्या मुठीवर त्यांची बोटं आपोआप बसली, बरोबर बसली. पण पाटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. रंधा उलटसुलट करून बघितला, कुणाची तरी रस्त्यात सापडलेली वस्तू बघावी तसा. अंगठ्याने पात्याची कड चाचपली. मग अगदी जपून, दोन्ही हातांनी, माझ्याकडे परत केला.

"ज्याचं ए त्याला देऊन टाका, बाई," म्हणाले. "शोधत असंल बिचारा."

"हो," मी म्हटलं. "देते."